हेडलाइटचा बल्ब बदलण्याआधी या माणसाची गोष्ट वाचा: ऑगस्टिन फ्रेनेल

मागच्या वर्षी मी माझ्या बाईकचा हेडलाइट 'अपग्रेड' केला. कंपनीने दिलेला ३५ वॅटचा हॅलोजन बल्ब काढला आणि ऑनलाइन मागवलेला एक स्वस्त एलईडी बल्ब लावला. दहा मिनिटांचं काम. पार्किंगमधली भिंत दुधासारखी पांढरी दिसायला लागली आणि मी जाम खूश झालो.

आठ दिवसांनी गावी जाताना संध्याकाळी समोरून स्कूटरवर काका येत होते. माझा लाइट डिप्परवर होता. तरीही त्यांना समोरचं काही दिसेना. ते रस्ता सोडून साइडपट्टीच्या मुरमात उतरले आणि स्कूटर आडवी झाली. नशिबाने फक्त गुडघा खरचटला. घरी आल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली: रस्ता तुला दिसायला हवा होता की मला आंधळं करायचं होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी एका फ्रेंच इंजिनिअरपर्यंत पोचलो. बाईक तर सोडाच, त्याच्या काळात विजेचा दिवासुद्धा नव्हता. पण जास्त प्रकाश म्हणजे नेमकं काय, हे त्याच्याइतकं फार कमी लोकांना कळलं असेल. तुमच्या मोबाइलच्या फ्लॅशकडे जरा जवळून बघा. बऱ्याच फोनमध्ये त्या छोट्या काचेवर एकात एक गोल कडी दिसतील. ती कडी ही त्याचीच देणगी. चला, त्याला भेटूया.

आठ वर्षांचा झाला तरी वाचता येईना

ऑगस्टिन-जाँ फ्रेनेलचा जन्म १० मे १७८८ चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या ब्रॉय गावातला. वडील वास्तुविशारद होते. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली आणि काही वर्षांत हे कुटुंब काँ शहराजवळच्या मात्यू गावात येऊन राहिलं.

पोरगा अभ्यासात एकदम ढ वाटायचा. आठव्या वर्षीसुद्धा त्याला धड वाचता येत नव्हतं. पण हाताने काही करायचं म्हटलं की गडी वेगळाच. झाडांच्या फांद्यांपासून तो खेळण्यातल्या बंदुका आणि धनुष्यं बनवायचा. ती इतकी जोरदार चालायची की शेवटी मोठ्यांनी बंदी घातली. गल्लीतली पोरं मात्र तेव्हापासूनच त्याला हुशार मानायची.

१८०४ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, त्याला पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. आपल्याकडे आयआयटीला जसा मान आहे तसा तिथे या कॉलेजला. तिथून तो रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी इंजिनिअरांच्या कॉलेजात गेला. तब्येत लहानपणापासून तोळामासा होती आणि आयुष्यभर तशीच राहिली.

दिवसा रस्ते, रात्री प्रकाश

नोकरी लागली ती सरकारी बांधकाम खात्यात. आधी व्हांदे भागात आणि मग दक्षिणेकडे न्यों गावात, जिथून इटलीकडे जाणारा रस्ता बांधायचा होता. मजूर, खडी, हिशेब, साहेबांना अहवाल असंच सगळं. हे काम त्याला मनापासून आवडत नव्हतं, पण पोट त्यावरच होतं. डोक्यात मात्र वेगळाच विषय घोळत होता: प्रकाश म्हणजे नक्की काय?

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ न्यूटनचं मानायचे. प्रकाश म्हणजे बारीक कणांचा मारा, असं त्यांचं मत. प्रकाश ही लाट असेल असं इंग्लंडच्या थॉमस यंगने प्रयोग करून मांडलं होतं, पण फ्रान्समध्ये ते फार कोणी मनावर घेतलं नव्हतं. फ्रेनेलला इंग्रजी येत नव्हतं आणि यंगचं काम त्याला नीट माहीतही नव्हतं. तो आपल्या वाटेने लाटांच्या कल्पनेकडे चालला होता.

१८१५ मध्ये नेपोलियन पुन्हा सत्तेवर आला. फ्रेनेल राजाच्या बाजूचा होता, त्यामुळे त्याची नोकरी थांबवली गेली आणि पोलिसांची नजरही लागली. सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर घरी, आईजवळ मात्यूला परत आला. आज मी त्याच वयाच्या आसपास आहे. नोकरी अशी गेली असती तर मी काय केलं असतं हे सांगता येत नाही. त्याने प्रयोगशाळा उघडली.

प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक अंधारी खोली आणि खिडकीतून येणारा सूर्यप्रकाश. त्याला बारीक ठिणगीएवढा प्रकाशबिंदू हवा होता आणि तशी लेन्स विकत घ्यायची सोय नव्हती. मग पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात मधाचा थेंब ठेवला. झाली लेन्स तयार! मोजमापाच्या उपकरणाचे भाग गावातल्या कुलूप बनवणाऱ्याकडून करून घेतले. या सामानावर त्याने तारेच्या सावलीच्या कडेला दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे मोजले. ते पट्टे लाटांच्या गणितात चपखल बसत होते. ऑक्टोबर १८१५ मध्ये त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे निबंध पाठवला.

सावलीच्या मध्यभागी उजेड

अकादमीतले फ्रांस्वा अरागो या पोराच्या पाठीशी उभे राहिले. यंगने बरंच काही आधीच केलं आहे हे त्यांनीच फ्रेनेलला सांगितलं. दुसरा कोणी असता तर खचला असता. फ्रेनेलने यंगचं श्रेय मान्य केलं आणि पुढे गेला.

नंतर अकादमीने याच विषयावर स्पर्धा लावली. परीक्षकांमध्ये प्वासों नावाचे मोठे गणिती होते आणि ते कणवाले होते. त्यांनी फ्रेनेलचंच गणित वापरून एक विचित्र निष्कर्ष काढला. हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा! असं काही होतं का? म्हणजे सिद्धांतच चुकीचा, असा त्यांचा रोख.

अरागोंनी प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. गंमत म्हणजे तो ठिपका आजही अनेक पुस्तकांत प्वासोंच्याच नावाने ओळखला जातो.

पुढे १८२१ मध्ये फ्रेनेलने आणखी एक गोष्ट मांडली. प्रकाशाची लाट पुढे जाताना आडवी हलते, दोरीला झटका दिल्यावर दोरी हलते तशी. यातूनच ध्रुवीकरण, म्हणजे पोलरायझेशन, नीट समजलं. तुमच्या फोनच्या एलसीडी स्क्रीनमध्ये दोन पोलरायझर असतात आणि ओएलईडी स्क्रीनवर बाहेरचं प्रतिबिंब मारायला वर्तुळाकार पोलरायझर लावतात. 'वर्तुळाकार ध्रुवीकरण' हे नाव फ्रेनेलनेच दिलेलं आहे.

दिवा तोच, झोत वेगळा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. १८१९ च्या जूनमध्ये अरागोंच्या शिफारशीने फ्रेनेलला फ्रान्सच्या दीपगृह मंडळात घेतलं गेलं. त्या वेळी किनाऱ्यावर रात्री जहाजं फुटणं नेहमीचं होतं, कारण दीपगृहांचा उजेड पुरेसा लांब जात नव्हता.

तेव्हाच्या दीपगृहात तेलाचे दिवे आणि त्यामागे चांदीचा मुलामा दिलेले तांब्याचे वाडगे असायचे, म्हणजे आपल्या हेडलाइटमधला रिफ्लेक्टरच. पण आरशावर पडलेल्या प्रकाशातला जवळपास निम्मा तिथेच वाया जायचा. उजेड वाढवायचा तर सोपा उपाय काय? आणखी दिवे, आणखी तेल. आपण जास्त वॅटचा बल्ब लावतो ना, तसंच.

फ्रेनेलने प्रश्न उलटा केला. दिव्यातून निघालेला प्रकाश जातो कुठे? वर आकाशात, खाली दगडांवर, मागे भिंतीवर. जहाज तर फक्त समोर, क्षितिजावर आहे. मग सगळा प्रकाश वाकवून तिकडेच का पाठवू नये?

त्यासाठी लेन्स हवी. पण तेवढी मोठी साधी लेन्स केली तर मधे हातभर जाड होईल, वजन पेलवणार नाही आणि जाड काच प्रकाशच खाऊन टाकेल. इथे त्याची युक्ती बघा. लेन्स प्रकाश वाकवते ती तिच्या वक्र पृष्ठभागावर. आतली जाड काच नुसतं ओझं आहे. मग ती काढून टाका! पृष्ठभागाचे गोल तुकडे करा, प्रत्येकाचा कोन तोच ठेवा आणि सगळे एका पातळीवर आणून बसवा. पायऱ्या-पायऱ्यांची पातळ लेन्स तयार.

अशीच कल्पना आधी ब्युफों यांनी मांडली होती, हे त्याला नंतर कळलं. पण ब्युफोंना ती एकाच काचेतून कोरायची होती आणि ते शक्य नव्हतं. फ्रेनेलने वेगवेगळे लोलक जोडून ती प्रत्यक्षात आणली. सोलेय नावाच्या चष्मे-दुर्बिणी बनवणाऱ्या कारागिराने १८२० मध्ये पहिला नमुना केला. गोल तुकडे घासता येईनात, म्हणून ९७ सरळ कडांचे तुकडे जोडले. दिवासुद्धा अरागोंसोबत नव्याने बनवला, एकात एक चार गोल वाती असलेला.

१८२१ मध्ये नवी लेन्स आणि तेव्हाचे सर्वात चांगले आरसे यांची समोरासमोर तुलना झाली. आरसे त्याच रात्री जुने झाले. पुढच्या वर्षी, २० ऑगस्ट १८२२ रोजी, अर्धवट बांधलेल्या आर्क द ट्रायोम्फवर लेन्स चढवली आणि ३२ किलोमीटरवरून राजाने तिचा उजेड पाहिला. २५ जुलै १८२३ रोजी जिरोंद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँच्या दीपगृहात फ्रेनेलची लेन्स पहिल्यांदा कामाला लागली. आठ मोठ्या भिंगांचा तो फिरता पिंजरा समुद्रावर आठ झोत फेकत होता.

त्याच सुमारास फ्रेनेलला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. क्षयरोग.

शेवटची चार वर्षं

१८२३ मध्येच विज्ञान अकादमीने त्याला एकमताने सदस्य करून घेतलं. पण शरीर साथ देईना. परीक्षकाची जास्तीची नोकरी सोडावी लागली. जेवढी ताकद होती ती त्याने दीपगृहांसाठी राखून ठेवली. कोणत्या ठिकाणी कोणत्या आकाराची लेन्स हवी आणि एका दीपगृहाची खूण दुसऱ्यापेक्षा वेगळी कशी दिसेल, याचा संपूर्ण किनाऱ्याचा आराखडा त्याने केला. काचेच्या आतल्या आत प्रकाश परतवणारे लोलकही त्याने एका कालव्यावरच्या छोट्या दिव्यांसाठी करून पाहिले. आजच्या एलईडी टॉर्चमधली प्लास्टिकची भिंगं याच तत्त्वावर चालतात.

लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रम्फर्ड पदक दिलं. ते अरागोंनी त्याच्या हातात ठेवलं तेव्हा मरणाला थोडेच दिवस उरले होते. १४ जुलै १८२७ रोजी पॅरिसजवळ व्हिल-दाव्रे इथे तो गेला. वय ३९. दीपगृहांचं काम पुढे त्याच्या भावाने चालवलं. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत एक फ्रेनेलचं आहे. पण खरं स्मारक म्हणजे ती कड्यांची काच, जी जगभरच्या दीपगृहांत पोचली आणि जिने किती खलाशांना सुखरूप घरी आणलं याची मोजदादच नाही.

मग माझ्या हेडलाइटचं काय चुकलं?

फ्रेनेलच्या नजरेने बघा, लगेच कळेल. हॅलोजन हेडलाइटचा रिफ्लेक्टर एका ठरावीक जागी असलेल्या बारीक फिलामेंटसाठी बनवलेला असतो. डिप्परच्या फिलामेंटखाली छोटी धातूची वाटी असते. ती वर जाणारा झोत अडवते, म्हणून समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. माझ्या स्वस्त एलईडीच्या चिप त्या जागी नव्हत्याच. प्रकाश भरपूर होता, पण रस्त्यावर कमी आणि काकांच्या डोळ्यांत जास्त.

तेव्हा खर्च करण्याआधी या क्रमाने जा:

१. झोत तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून साधारण पाच मीटरवर गाडी उभी करा, स्वतः वर बसा आणि डिप्पर लावा. झोताची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी. नसेल तर मागचा स्क्रू फिरवून घ्या. खर्च शून्य.

२. काच आणि रिफ्लेक्टर बघा. काच पिवळी किंवा रिफ्लेक्टर काळवंडलेला असेल तर कोणताही बल्ब लावा, उपयोग नाही.

३. बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजायला सांगा. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. जुन्या गाडीत चांगली वायर आणि रिले टाकून हाच बल्ब उजळतो.

४. ९० किंवा १०० वॅटचा बल्ब लावू नका. होल्डर वितळतो, वायरिंग जळतं.

५. एलईडीच हवा असेल तर नुसता बल्ब नको. एलईडीसाठीच बनवलेला, मंजुरी असलेला पूर्ण हेडलाइट घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, हेही लक्षात ठेवा.

मी जुना हॅलोजन परत लावला, रिले टाकला आणि झोत खाली घेतला. परवा काकांना मुद्दाम समोर उभं करून दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर हात नेला नाही. मला रस्ता आधीपेक्षा लांबपर्यंत दिसतोय, आणि समोरून येणाऱ्यालाही त्याचा रस्ता दिसतोय.