शाहू महाराजांच्या काळातलं राखीव रान आणि आपली पंचगंगा

शिरोली एमआयडीसी : राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरला दत्तक आले, १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. दोनच वर्षांत दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेग आला. पाण्याशिवाय रयत जगणार नाही हे ओळखून त्यांनी पुढं भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम काढलं.

महाराज पट्टीचे शिकारी. धरणाच्या वरच्या अंगाला दाजीपूरचं रान संस्थानानं शिकारीसाठी राखलेलं. त्यामुळं कुऱ्हाड लांब राहिली आणि गवा टिकला. गवा गवत खातो, त्याच्या शेणानं मातीला खत मिळतं, शेणातले किडे पाखरं टिपतात. झाडांची मुळं माती धरून ठेवतात, पालापाचोळा पाऊस जिरवतो. तेच पाणी पावसाळा सरल्यावरही ओढ्यांतून झिरपत राहतं. माती जागेवर राहिली की धरणात गाळही कमी येतो.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. धरण पुरं झालं ते त्यांच्या माघारी. १९५८ मध्ये दाजीपूरला गव्यांचं अभयारण्य झालं. १९८५ मध्ये ते वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य केलं.

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी प्रयाग चिखलीला एक होऊन पंचगंगा बनते आणि आपल्या शिरोलीजवळून पुढं जाते. वरचं रान तुटलं तर गवा शिवारात उतरणार आणि नदीत गाळ येणार. दोन्हीचा फटका शेतकऱ्यालाच.