कोरड्या मुलखातली अळंबी आणि फाब्र

फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-आँरी फाब्र (1823–1915) कीटकांच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहेत, पण त्यांना अळंबीचंही वेड होतं. तरुणपणी त्यांनी ऑलिव्हच्या झाडावरच्या, अंधारात चमकणाऱ्या अळंबीवर प्रयोग केले. ऑक्सिजन मिळाला नाही की तिचा उजेड विझतो, हे त्यांनी दाखवलं.

1879 मध्ये ते दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्याँ गावी स्थायिक झाले. तिथला उन्हाळा कडक आणि कोरडा. पाऊस नाही, तर अळंबीही नाही. दुर्मीळ जात सापडलीच, तरी ती टिकवायची कशी? वाळवली की आकार आणि रंग दोन्ही जातात. म्हणून ते ताजी अळंबी समोर ठेवून जलरंगात चितारत. अशी शेकडो चित्रं त्यांनी काढली. रविवारी शेजारी ती पाहायला येत आणि आपल्या ओळखीची अळंबी लगेच ओळखत.