सावेदादा : क्षण टिपणारा छायाचित्रकार

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडताना स्नेहसंमेलनातील एका नाटकाचे छायाचित्र हाती आले. रंगमंचावरील मुले ओळखू आली. ते कोणी टिपले, हे मात्र कोणालाच सांगता येईना. त्या वेळी हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे स्मरण झाले.

सावेदादांचा जन्म 1868 मध्ये मुंबईत झाला. छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. पडद्यावरची ती हालचाल पाहून सावेदादा भारावले. पण केवळ प्रेक्षक राहून त्यांचे समाधान होणार नव्हते. त्यांनी इंग्लंडहून 21 गिनी मोजून चलच्चित्रणाचा कॅमेरा मागवला.

1899 मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती टिपली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. भारतीय माणसाने केलेल्या अगदी आरंभीच्या चित्रणांत तिची गणना होते. पुढे त्यांनी माकडांचा खेळ करणारा मदारीही चित्रित केला. आखाडा आणि रस्ता ही सामान्य माणसाची रंगभूमी. तिच्यातील कलावंतांना त्यांनी पडद्यावर मानाचे स्थान दिले.

शिक्षिका म्हणून मला मात्र त्यांचे 1901 मधील चित्रण अधिक मोलाचे वाटते. केंब्रिजमध्ये गणितात सीनियर रँग्लर हा सर्वोच्च मान मिळवणारे पहिले भारतीय, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, त्या वर्षी मायदेशी परतले. मुंबईत त्यांचे उत्साहाने स्वागत झाले आणि सावेदादांनी तो सोहळा टिपला. भारतातील पहिला वार्तापट म्हणून तो ओळखला जातो. त्याचा नायक कोणी राजा वा सेनापती नव्हता. तो एक विद्यार्थी होता. 1903 मध्ये सावेदादांनी दिल्ली दरबाराचेही चित्रण केले. त्यापुढील काळात चित्रण थांबवून ते मुंबईच्या गेयटी थिएटरच्या व्यवस्थापनाकडे वळले. 1958 मध्ये त्यांचे निधन झाले.

ती कुस्ती, तो मदारी, परांजप्यांचे ते स्वागत, यांपैकी काहीही आज आपल्याला पाहता येत नाही. क्षण टिपण्यासाठी एका माणसाची जिद्द पुरते. तो टिकवण्यासाठी मात्र साऱ्या समाजाने काळजी घ्यावी लागते. महाराष्ट्रापासून दूर, बेंगळुरूमध्ये साठ वर्षे मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्या शाळेला हे वेगळे सांगायला नको. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे : आपल्या कपाटातील शाळेची जुनी छायाचित्रे बाहेर काढा, मागे नावे व वर्ष लिहा, आणि ठाऊक असेल तर छायाचित्रकाराचे नावही आवर्जून नोंदवा.