बारा वर्षांनंतरची सुटी

एप्रिल सरत आला की वर्तकनगरातल्या सोसायट्यांच्या फलकांवर शिबिरांच्या जाहिराती लागतात. पोहणे, स्केटिंग, अबॅकस, व्यक्तिमत्त्व विकास. या गर्दीत एखादा वाचनवर्गही असतो, बहुधा खालच्या कोपऱ्यात, हाताने लिहिलेल्या कागदावर. त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या आईबापांचा प्रश्न ठरलेला असतो: नुसती गोष्टीची पुस्तके वाचून मुलाला मिळणार काय? प्रश्न रास्त आहे. पण तो नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाला तो सरकारी तिजोरीच्या संदर्भात पडला होता, आणि तो राजा जन्माने आपल्याच मुलखातला होता.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली गोपाळराव गायकवाड जन्मले. घराणे बडोद्याच्या राजवंशाची दूरची शाखा. नाव मोठे, पण चरितार्थ शेतीवर. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. कवळाण्याहून तीन मुले बडोद्याला नेण्यात आली आणि त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. ते सयाजीराव झाले, त्या वेळी त्यांचे वय होते बारा.

या बारा वर्षांना पुढच्या साऱ्या गोष्टीत महत्त्व आहे. आपल्याकडे ज्या वयात मूल सहावी-सातवीत असते, त्या वयात या मुलाने अक्षरओळखीपासून सुरुवात केली. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या हाती त्यांना सोपवण्यात आले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, शिवाय गणित, इतिहास, घोड्यावर बसणे. सगळे एकदम आणि घाईने. १८८१ च्या डिसेंबरात राज्यकारभाराची सूत्रे हाती आली, तेव्हा अठरा वर्षांच्या या तरुणाला शिकायला लागून जेमतेम सहा वर्षे झाली होती. उशिरा शिकलेल्या माणसाला विद्येची जी असोशी असते, ती त्यांना जन्मभर पुरली. ज्याला पाटी आयती मिळाली, त्याला ती भूक कळणे कठीण.

१८९३ हे साल आपण ठाणेकर वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवतो. त्या साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्याच साली सयाजीरावांनी अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा प्रयोग सुरू केला. १९०६ साली ती सक्ती साऱ्या संस्थानाला लागू झाली. मुलगा शाळेत पाठवला नाही तर पालकाला दंड. गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुढे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक आणले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले.

सक्तीने पट भरला, पण पटावरची मुले फार काळ टिकणारी नव्हती. मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत शाळा, मुलींना त्याहूनही कमी. मग नांगर, गुरे, चूल. गावात छापलेला कागद दिसायचा तो सरकारी नोटिशीचा किंवा सावकाराच्या खतपत्राचा. चार-पाच वर्षांत शिकलेले अक्षर पुसले जाई. आपल्या मुलांना दीड-दोन महिन्यांची उन्हाळी सुटी असते आणि जूनमध्ये पाढे विसरलेले असतात, अशी तक्रार शिक्षक करतात. बडोद्याच्या खेड्यातल्या मुलाला बाराव्या वर्षी जी सुटी लागे, ती जन्मभराची असे. ज्या वयात महाराजांनी स्वतः पहिले अक्षर गिरवले, त्याच वयात त्यांचा कायदा मुलांना सोडून देत होता. ही गोष्ट त्यांना टोचली असेल, असे मला वाटते.

१९०६ साली ते अमेरिकेला गेले. तिकडे सार्वजनिक ग्रंथालयांत मुलांसाठी स्वतंत्र दालने निघू लागली होती. क्लीव्हलंडमध्ये लिंडा ईस्टमन यांनी १८९७ साली मुलांचा वाचनसंघ काढला होता; कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला कॅरोलाइन ह्युइन्स सुटीत मुलांना जमवून पुस्तकांवर गप्पा मारीत. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी महाराज प्रभावित झाले, आणि १९१० साली त्याच कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनहून विल्यम बॉर्डेन नावाचे ग्रंथपाल त्यांनी बडोद्याला आणले. राजवाड्यातली स्वतःची सुमारे वीस हजार पुस्तके देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला. १९११ साली बॉर्डेन यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालवला. हिंदुस्थानातला तो पहिला मानला जातो.

या ग्रंथालयात बायकांसाठी वेगळी सोय होती आणि मुलांसाठी वेगळी खोली. मुलांच्या खोलीत पुस्तकांबरोबर चित्रे होती आणि बैठे खेळही. ग्रंथालयात खेळ? आजही काहींच्या भुवया उंचावतील. पण मूल खेळायला येईल आणि पुस्तकाला हात लावील, हा हिशेब पक्का होता. आपल्याकडच्या कित्येक वाचनालयांत मुलांच्या पुस्तकांचे कपाट कुलूपबंद असते आणि किल्ली असणारे गृहस्थ जेवायला गेलेले असतात.

खेड्यांची व्यवस्था मला विशेष आवडते, आणि त्यात माझ्या बँकेतल्या नोकरीचा दोष असेल. गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमवायची. तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. म्हणजे एक तृतीयांश पैसा गावाचा. फुकट मिळालेल्या रकमेची चौकशी करायला कोणी येत नाही. ज्याची वर्गणी अडकली आहे, तो पुस्तके आली का, हे विचारायला येतोच. या कामात मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकाने आधीच मित्रमंडळ वाचनालयांचे जाळे विणायला घेतले होते. जिथे वाचनालय नव्हते, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या रवाना होत. मॅजिक लँटर्नचे खेळही गावोगाव फिरत. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही त्या निमित्ताने जग दिसे.

पुस्तकांचा तुटवडा होताच. देशी भाषांत मुलांच्या हाती द्यावे असे फारसे नव्हते. म्हणून श्रीसयाजी साहित्यमालेच्या जोडीने सयाजी बालज्ञानमाला निघाली आणि मुलांसाठी छोटी पुस्तके मराठीत व गुजरातीत लिहवून घेण्यात आली.

या सगळ्याला मर्यादा होत्या, आणि त्या महाराजांना ठाऊक होत्या. अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या. भीमराव आंबेडकरांना १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. पण १९१७ साली तेच आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी वसतिगृहातूनही बाहेर पडावे लागले. ज्या शहरात ग्रंथालयाचे दार उघडे होते, त्या शहरात घरांची दारे बंद होती.

घरातही नियतीने त्यांना फार सोसायला लावले. पहिल्या पत्नी चिमणाबाई १८८५ साली वारल्या. परदेशी शिक्षणाचा एवढा खर्च ज्यांच्यावर केला, त्या मुलांपैकी फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली, तिघेही ऐन तारुण्यात गेले. या काळात महाराज ग्रंथालयाच्या कामापासून दूर झाले नाहीत. १९१३ साली बॉर्डेन मायदेशी परतल्यावर जनार्दन कुडाळकर यांनी काम सांभाळले आणि पेट्यांची वाहतूक चालूच राहिली.

सयाजीराव १९३९ साली मुंबईत वारले. गादीवर आले ते फत्तेसिंहरावांचे चिरंजीव प्रतापसिंहराव. बडोद्यात मांडवीजवळ मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत उभी आहे. आत पोलादी मांडण्यांचे मजले आहेत आणि त्यांच्या मधली जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून.