भिसेंनी किराणा तोलला. तुमचा रोबोट कसा तोलेल?

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म १८६७ मध्ये मुंबईत झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका नियतकालिकाने किराणा आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राची स्पर्धा घेतली. मुंबईकर भिसेंनी ती जिंकली. पुढे त्यांनी परदेशात छपाईचे खिळे पाडणारी वेगवान यंत्रे घडवली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

अहिल्यानगरच्या विद्यार्थ्यांना आज असाच तोलणारा रोबोट करायचा असेल, तर दोन सेन्सर लागतील. डबा जागेवर आहे का, हे लिमिट स्विच सांगतो: हो किंवा नाही, म्हणजे डिजिटल. वजन हळूहळू वाढते. ते मोजणारा लोडसेल अॅनालॉग. त्याचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच, आणि आर्डुइनो उनोची एक पायरीच सुमारे ५ मिलिव्होल्टची. म्हणून मध्ये एचएक्स७११ मॉड्यूल लावा. ते सिग्नल वाढवून २४ बिटचा आकडा देते.