श्रद्धा तपासून पाहणारा शिक्षक

अर्धापूरच्या शेजारच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे नरहर कुरुंदकरांचे मूळ गाव. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर यांच्याकडे राहिले. प्राचीन मराठी वाङ्मयाच्या या अभ्यासकाच्या सहवासात ग्रंथांची गोडी लागली. निजामी राजवटीचा अंत झाला तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते.

वाचन अफाट असूनही इंटरच्या परीक्षेत त्यांना वारंवार अपयश आले. त्या अपयशाने ते खचले नाहीत. नांदेडला शाळेत शिक्षक झाले आणि नोकरी करीतच पुढील पदव्या मिळवल्या. पुढे पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक व प्राचार्य झाले.

कुरुंदकर नास्तिक होते; परंतु न वाचता धर्मग्रंथ धिक्कारणे त्यांना मान्य नव्हते. मनुस्मृती आणि महाभारताची त्यांनी कठोर चिकित्सा केली. इतिहासालाही तीच कसोटी लावली. 'श्रीमान योगी' कादंबरीची त्यांची प्रस्तावना याची साक्ष देते. हमीद दलवाईंच्या सुधारणावादी भूमिकेलाही त्यांनी पाठबळ दिले. विवेक सर्व धर्मांना सारखाच लागू करावयाचा, ही त्यांची निष्ठा होती.

विचार ग्रंथात कोंडून न ठेवता तो सामान्यांपर्यंत नेणे त्यांनी कर्तव्य मानले. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांपासून गावोगावच्या व्याख्यानांपर्यंत ते अखंड बोलत राहिले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी व्यासपीठावरच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्याही आतले होते.