टेलिफोनचे जनक बेल गुरुजी

टेलिफोन कोणी शोधला असे विचारले, तर शाळेतले मूलही अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सांगेल. पण भगिनींनो, हे गृहस्थ पेशाने कर्णबधिरांचे शिक्षक होते आणि अखेरपर्यंत स्वतःला तसेच म्हणवीत, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल.

त्यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येई. इतर माणसे त्यांच्या कानाच्या नळीत मोठ्याने बोलत. लहानगा अलेक मात्र आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हलक्या आवाजात बोले. चारचौघांतले बोलणे तो तिला बोटांनी अक्षरे करून सांगे. वडील उच्चारशास्त्राचे जाणकार. जीभ व ओठ कोठे ठेवले म्हणजे कोणता ध्वनी निघतो, हे दाखविणारी चिन्हलिपी त्यांनी तयार केली होती.

दोन्ही भाऊ क्षयाने गेले, तेव्हा १८७० साली हे कुटुंब कॅनडात आले. १८७१ साली बेल बॉस्टनच्या कर्णबधिरांच्या शाळेत शिक्षिकांना ती चिन्हलिपी शिकवू लागले. पुढल्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि १८७३ साली ते बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. मेबल हबर्ड ही त्यांची शिष्या. पाचव्या वर्षी तापात तिचे ऐकणे गेले होते. १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळाले आणि १८७७ साली दोघांचे लग्न झाले. १८८० साली फ्रान्सने दिलेल्या ५०,००० फ्रँकच्या पारितोषिकातून पुढे कर्णबधिरांसाठी ज्ञानकेंद्र उभे राहिले. हेलन केलरच्या वडिलांना योग्य वाट दाखविणारेही बेलच.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक कर्णबधिर मुलाने तोंडानेच बोलावे, असा बेल यांचा आग्रह. शाळेत खुणांची भाषा त्यांना नको होती. कर्णबधिरांनी आपसांत लग्ने करू नयेत, असेही मत त्यांनी १८८३ साली मांडले. १८८० च्या मिलान परिषदेनंतर अनेक शाळांतून खुणा बंद झाल्या. ज्या मुलांना बोलणे साधले नाही, ती बिचारी भाषेवाचून राहिली. त्या ठरावांबद्दल २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत खेद व्यक्त झाला. आईशी बोटांनी बोलणाऱ्या मुलाला मोठेपणी हे उमगू नये, याचे वाईट वाटते.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी अमेरिकेतले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते.

आज आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत, श्रवण तपासण्याचे आणि कर्णबधिरांना शिकविण्याचे शास्त्र पदवीच्या पुढेही शिकता येते. माझ्यासारख्या सातवी शिकलेल्या बाईला त्यातले बारकावे कळायचे नाहीत. पण आईच्या कपाळाशी बोलणारा तो मुलगा कळतो. आपल्या आळीत एखादे बाळ हाकेला वळत नसेल, तर त्याच्या आईला लवकर कान तपासून घ्यायला सांगावे. आणि ते मूल हातांनी बोलू लागले, तर त्याचे हात धरू नयेत. आपणच त्याच्या चार खुणा शिकून घ्याव्यात.